पोटाशी पेन धरलेलं कासव

ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर हा मेंदूचा अभ्यासक काम करत होता. 1948-49 मध्ये त्याने दोन यंत्रं बांधली, एल्मर आणि एल्सी. तीन चाकं, दोन व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि वर धक्का जाणवणारं कवच, एवढाच त्यांचा संसार. ती उजेडाकडे जायची, अडथळा आला की बाजूने वाट काढायची आणि बॅटरी उतरत आली की आपल्या घरट्याकडे परतायची. वॉल्टर त्यांना कासवं म्हणे. मेंदूतल्या मोजक्याच पेशी एकमेकींशी जोडल्या तर त्यांतून केवढी गुंतागुंतीची वागणूक निर्माण होऊ शकते, हे त्याला पाहायचं होतं. अशीच कासवं पुढे 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लोकांनीही पाहिली. चित्र काढण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

तरीही ऐंशीच्या दशकात घराघरांतल्या टीव्हीला जोडलेल्या संगणकांवर जे कासव रेघा ओढू लागलं, त्याची कुळकथा इथूनच सुरू करावी लागते. हे कासव मुळात जमिनीवर चालणारं होतं आणि त्याच्याकडे शरीर होतं. चित्रं त्याला पुष्कळ नंतर जमली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. 1967 मध्ये केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉलेस फ्युर्झेग, सिंथिया सॉलोमन आणि सीमूर पॅपर्ट यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणिती. मुलं विचार कसा करतात, याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजेबरोबर त्याने जिनिव्हात काही वर्षं काम केलं होतं. या पहिल्या लोगोत कासव नव्हतंच. मुलं टेलिटाइप यंत्रासमोर बसून शब्द उलटे करत, वाक्यं जुळवत. सिंथिया सॉलोमनचं नाव या कथेत नेहमी पॅपर्टच्या सावलीत राहतं. वास्तविक पुढे घरगुती संगणकांपर्यंत लोगो पोचवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

कासव आलं 1969-70 च्या सुमारास. एक पडद्यावर, एक जमिनीवर. जमिनीवरचं कासव म्हणजे चाकांवरचा घुमट, त्यातून संगणकापर्यंत गेलेली लांब केबल आणि पोटाशी एक पेन. पेन खाली केलं की फरशीवर अंथरलेल्या कागदावर रेघ उमटायची, वर उचललं की कासव नुसतंच चालायचं. लेक्सिंग्टनच्या एका प्राथमिक शाळेत मुलांनी ते चालवलं तेव्हा खोलीएवढ्या महागड्या यंत्राचं काम पहिल्यांदाच त्यांच्या पायाशी येऊन बसलं.

कासवाचं खरं मोठेपण इथे आहे. शाळेतल्या आलेखाच्या कागदावर प्रत्येक बिंदूला पत्ता असतो: इतकं आडवं, इतकं उभं. आपली ठिपक्यांची रांगोळी याच जातीची, आधी ठिपक्यांची जाळी आणि मग जोडणी. कासवाला पत्ता ठाऊक नसतो. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, आपलं तोंड कुठे आहे आणि किती पावलं चालायचं. 'फॉरवर्ड 100', 'राइट 90', हे चारदा केलं की चौकोन. लोगोत तेच एका ओळीत येतं: रिपीट 4 [फॉरवर्ड 100 राइट 90].

आता समभुज त्रिकोण. प्रत्येक कोन 60 अंशांचा हे मुलाला पाठ असतं, म्हणून ते 'राइट 60' लिहितं आणि पडद्यावर षटकोनाचा तुकडा उमटतो. पॅपर्टचा सल्ला अशा वेळी एकच: स्वतः कासव व्हा आणि चालून पाहा. चालल्यावर समजतं की कोपऱ्यावर आपण 60 अंशांत वळत नाही, 120 अंशांत वळतो. तीन कोपऱ्यांचे मिळून 360. चौकोनाचे चार नव्वद, तेही 360. कासव कुठूनही निघून मूळ जागी, मूळ दिशेला परत आलं की एकूण वळण 360 किंवा त्याच्या पटीत असतंच. पाच टोकांच्या चांदणीत दर वेळी 144 अंश वळावं लागतं, म्हणजे एकूण 720, पूर्ण दोन फेरे. हे सूत्र पाठ करावं लागत नाही, पायांना ते आधीच माहीत असतं. आणि वर्तुळ? एक पाऊल टाका, एक अंश वळा, असं 360 वेळा. अ‍ॅपल टू या घरगुती संगणकाच्या बेसिक भाषेत हेच वर्तुळ काढायला साइन-कोसाइन लागायचे. तिसरीच्या मुलाच्या हातात कासवाने ते बिनसाइनचं दिलं.

घराचं चित्र तर लोगोच्या जगात प्रसिद्धच आहे. चौकोन शिकवला, त्रिकोण शिकवला, आता दोन्ही एकापुढे एक लिहिले की घर व्हायला हवं. पण छप्पर घराच्या आत कोसळतं. चौकोन संपतो तेव्हा कासव खालच्या डाव्या कोपऱ्यात वर तोंड करून उभं असतं आणि त्रिकोण तिथूनच सुरू होतो. आधी 100 पावलं वर जा, 30 अंश उजवीकडे वळा आणि मग त्रिकोण काढा, की छप्पर बरोबर भिंतींवर बसतं. पॅपर्टला हे कोसळलेलं छप्पर फार मोलाचं वाटे. लाल शाईने काट मारून ते मिटवायचं नाही. कासव कुठे उभं होतं ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. 1980 मध्ये आलेल्या त्याच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाचा गाभा हाच आहे.

त्याच सुमारास संगणक घरात शिरू लागला आणि कासवाचं शरीर सुटलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संगणकावर लोगो 1981 मध्ये आला, अ‍ॅपल टू वर 1982 मध्ये, पुढच्या वर्षी अटारी आणि कमोडोर 64 वर, 1984 मध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रमवर. या यंत्रांच्या मर्यादा आज वाचताना मला त्यांच्याबद्दल मायाच वाटते. अ‍ॅपल टू चा प्रोसेसर साधारण 1 मेगाहर्ट्झचा. लोगोसाठी 64 के स्मृती लागायची, त्यामुळे अनेकांना जादा कार्ड घ्यावं लागे. चित्र इतकं सावकाश उमटे की प्रत्येक रेघ डोळ्यांदेखत जन्म घ्यायची. कासव लपवलं की वेग वाढे, कारण दर पावलाला कासवाचं त्रिकोणी चित्र पुसून पुन्हा काढण्याचं काम वाचायचं. टेक्सासच्या यंत्रात पडदा ठरावीक संख्येच्या चौकटींतून रंगवला जाई. चित्र फार गुंतागुंतीचं झालं की त्या संपत आणि संगणक सांगे की शाई संपली. अटारीने मात्र एकाच वेळी चार कासवं दिली होती.

जमिनीवरचं कासव पूर्ण गेलं नाही. 1983 मध्ये इंग्लंडात व्हॅलिअंट टर्टल आलं, केबलऐवजी इन्फ्रारेडवर चालणारं. ते बीबीसी मायक्रोवरून चालवता येई. हाच बीबीसी मायक्रो 1984 च्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्याकडच्या सुमारे 250 शाळांत पोचला. पण आपल्या बहुतेक मुलांची लोगोशी ओळख झाली ती पुढे विंडोजच्या काळात, बर्कलीच्या ब्रायन हार्वीच्या लोगोवर जॉर्ज मिल्सने उभारलेल्या एमएसडब्ल्यू लोगोतून. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तो तिसरी-चौथीपासून असे. आणि इथे आपण त्याची हानी केली. एफडी म्हणजे काय, आरटी म्हणजे काय, पीयू (पेन अप) आणि पीडी (पेन डाउन) यांतला फरक लिहा, असे प्रश्न परीक्षेत आले. मुलं संक्षेप घोकू लागली. छप्पर कोसळण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

कासव आजही आहे. पायथन या भाषेबरोबर ते फुकट येतं, साध्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. शिक्षकांनो, पालकांनो, पहिल्या दिवशी मुलाला संगणकासमोर बसवू नका. फरशीवर खडूने एक त्रिकोण काढा, त्यावरून त्याला चालवा आणि प्रत्येक कोपऱ्यावर आपण किती वळलो ते मोजायला सांगा. आज्ञा दुसऱ्या दिवशी.