निवेदनाचा अधिकार : समलिंगी समतेच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची नायिका सुमित्रा समलिंगी आहे. मात्र तिची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. त्याच्या निवेदनात सहानुभूती आहे, तरी सुमित्राचे प्रेम प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते शोकांतिका म्हणूनच.

१६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत निघालेल्या मोर्चाने हा निवेदनाचा अधिकारच बदलला. जेथून १९४२ साली ‘चले जाव’ची हाक दिली गेली, त्याच ऑगस्ट क्रांती मैदानातून समलिंगी स्त्रीपुरुष आणि तृतीयपंथी स्वतःच्या वतीने बोलू लागले. १८६०च्या दंडसंहितेतील कलम ३७७ हा वसाहतवादाचा वारसा असल्याने ब्रिटिशांनी क्षमा मागावी, ही त्यांची मागणी होती. सहानुभूतीची जागा हक्काच्या भाषेने घेतली.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा हक्क देण्यास नकार देऊन तो विषय कायदेमंडळाचा ठरवला. गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला, पण नात्याची नोंद झाली नाही. सुमित्राच्या गोष्टीला शोकांतिकेहून वेगळा शेवट आज कल्पिता येतो. विवाहनोंदणीच्या दप्तरात मात्र त्याला अद्याप रकाना नाही.