वास्तू आणि वाट

आपत्कालीन नियोजनाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम इमारतीचा विचार होतो : विमा, अग्निशमन, पर्यायी जागा. अलीकडच्या इतिहासातील दोन प्रसंग या क्रमाविषयी शंका उपस्थित करतात.

शुक्रवार, १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. त्या दिवशीच्या स्फोटमालिकेत शहरातील २५७ माणसे मृत्युमुखी पडली. तरीही सोमवारी, १५ मार्चला, बाजार उघडला. संगणकीय व्यवहार तेथे १९९५ मध्ये आले. तोवर सौदे ‘रिंग’मध्ये समोरासमोर, आरोळ्या देऊन होत. वास्तूला जबर तडाखा बसला होता, पण माणसांची वाट मोकळी होती.

चेन्नईत २०१५ मध्ये नेमके उलट घडले. १ डिसेंबरच्या अतिवृष्टीने रस्ते पाण्याखाली गेले, विमानतळ बंद पडला. दुसऱ्या दिवशी ‘द हिंदू’ची चेन्नईतील छापील आवृत्ती निघाली नाही. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या या पत्राच्या बाबतीत असे प्रथमच घडल्याचे तेव्हा नमूद झाले. छापखाना शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, मरैमलै नगरला. कामगारांना तेथवर पोहोचताच आले नाही.

भांडवल आणि श्रम हे उत्पादनाचे घटक आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. त्यांना जोडणारा रस्ता मात्र गृहीत धरला. आराखड्यांतही पर्यायी जागेचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर कोण, कोठून आणि कोणत्या मार्गाने पोहोचणार, हा रकाना बहुधा कोराच राहतो. तो आधी भरावा.