घरगुती जनरेटरची जोडणी

हाताने उचलून किंवा चाकांवर ढकलत नेता येणाऱ्या छोट्या जनरेटरची वीज घराच्या कायम वायरिंगला देण्याची व्यवस्था. असे जनरेटर साधारण १ ते ५ केव्हीए क्षमतेचे, सिंगल फेज आणि बहुतेक पेट्रोलवर चालणारे असतात. भारनियमनाच्या वर्षांत दुकानांपुढच्या फुटपाथवर त्यांची रांग लागलेली असे. पुढे इन्व्हर्टर-बॅटरीने त्यांना मागे सारले. पण बॅटरी काही तासांची सोबती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या अनेक गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. विहिरीवरचा पंप चालवायला तेव्हा जनरेटरच कामाला आले.

यातली सर्वांत सोपी रीत सर्वांत घातक आहे. वायरच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावायचे, एक जनरेटरमध्ये खुपसायचा, दुसरा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, घर उजळते. या वायरचा एक टॉप निसटला तर त्याच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. शिवाय मेन पाडायचा राहिला, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. गावातली डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, ११,००० व्होल्टचे ४३३ करते; फेज आणि न्यूट्रलमध्ये त्यातले २५० येतात. तेच रोहित्र उलट्या दिशेनेही तितक्याच इमानाने काम करते. त्याला घराकडून २३० व्होल्ट मिळाले, तर वरच्या तारांवर सुमारे १०,००० व्होल्ट चढू शकतात. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात ही तार असते.

‘एवढासा जनरेटर गल्लीचा भार ओढणार कसा, तो आपोआप बंद पडेल,’ असे यावर सांगितले जाते. एरवी ते खरेही ठरते. वादळात मात्र तारा तुटून लाईनचे तुकडे झालेले असतात आणि एखाद्या तुकड्यावर ओढायला भारच उरलेला नसतो. तिथे जनरेटर मजेत चालतो. महावितरणचा पुरवठा अचानक परतला, तर तो जनरेटरशी न जुळता आदळतो आणि वाइंडिंग जळते.

म्हणून जोडणीचा गाभा एकच: दोन पुरवठे कधीही एकत्र येऊ नयेत, आणि हे कुणाच्या आठवणीवर सोडू नये. ते काम चेंजओव्हर स्विच करतो. त्याचा दांडा एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये बंद अशा तीन जागी थांबतो. एक संपर्क सुटल्याशिवाय दुसरा लागतच नाही. घरगुती सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर लागतो, कारण फेजइतकेच न्यूट्रल तोडणेही आवश्यक आहे. पैसे वाचवायला फक्त फेज बदलणारा स्विच बसवला, तर जनरेटर चालू असतानाही घराचे न्यूट्रल बाहेरच्या लाईनशी जोडलेलेच राहते. गृहनिर्माण संस्थांत मोठ्या डिझेल संचावर प्रत्येक सदनिकेला आपोआप बदलणारा आणि ठरावीक अँपियरपुढे पुरवठा तोडणारा स्विच बसवतात. त्यामुळे कुणा एकाचा गिझर साऱ्या इमारतीला अंधारात लोटत नाही.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते. छोट्या जनरेटरमध्ये वाइंडिंगचे कोणतेही टोक बहुधा चौकटीला किंवा जमिनीला जोडलेले नसते. अशा वेळी एखाद्या उपकरणाच्या पत्र्यावर फेज उतरला, तरी जमिनीतून परतीची वाट नसल्याने ३० मिलिअँपियरची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी पडत नाही. बिघाड मुकाट राहतो. कायम जोडणीत म्हणून उत्पादकाची पुस्तिका पाहून एक टोक न्यूट्रल ठरवतात, ते अर्थ इलेक्ट्रोडला जोडतात आणि त्यानंतर आरसीसीबी बसवतात.

घरापुरती वीज तयार करायला २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार परवाना लागत नाही. वायरिंगला हात लावणे मात्र वेगळे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून वायरिंगमध्ये भर घालण्याचे वा बदल करण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी त्यातून वगळली होती. चेंजओव्हर बसवणे त्या किरकोळीत येत नाही. त्याच नियमांतल्या ४७-अ नुसार जनरेटर बसवणाऱ्याने ३० दिवस आधी वीजपुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला कळवायचे असे, आणि १० किलोवॅटच्या वरच्या संचाला निरीक्षकाची लेखी मंजुरी लागे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी तपासणीची मर्यादा ठरवण्याचे काम सरकारच्या अधिसूचनेवर सोपवले.

क्षमतेचे गणित सोपे आहे. २ केव्हीएच्या जनरेटरवर जेमतेम पावणेनऊ अँपियर मिळतात. १ अश्वशक्तीचा पंप ७४६ वॅटचा असला, तरी सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढतो आणि तिथेच जनरेटर मान टाकतो. फ्रिज आणि दोन-चार दिवेच चालवायचे असतील, तर वायरिंगच्या वाटेला न जाता जनरेटरच्या सॉकेटवरून जाड एक्स्टेन्शन ओढावे. कायदा, चेंजओव्हर, ठेकेदार, सगळेच टळते.

बंद गॅलरीत, जिन्याखाली किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवणे जिवावर बेतते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. अमेरिकेतला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग घरापासून २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर अंतर सांगतो. चाळीत तेवढी जागा कुठली, हा प्रश्न उरतोच. पेट्रोलचा साठाही मोजूनच करावा लागतो: १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार परवान्याविना ३० लिटरच ठेवता येते.

छतावर सौर पॅनेल आल्यापासून नवी अडचण उभी राहिली आहे. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाईट गेल्यावर स्वतःहून बंद होतो, पण जनरेटर सुरू होताच त्याला तीच ग्रिड वाटते आणि तो वीज ढकलू लागतो. घरात वापर कमी असेल, तर ती जनरेटरमध्येच शिरते. त्यामुळे अशा इन्व्हर्टरची जोडणी चेंजओव्हरच्या मीटरकडच्या बाजूला ठेवतात. जनरेटर चालू असेपर्यंत, भर दुपारचे ऊन असले तरी, पॅनेल बिनकामाचे राहतात.