माळवदावरची माती

मृग निघायच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, हा आमच्या औसा तालुक्यातल्या गावचा दरसालचा रिवाज. लाकडी खण, त्यावर फळ्या, वर मातीचा थर. पांढरी माती चोपून बसवली की पाणी सहसा आत उतरत नाही. गळलंच कुठे, तर आणखी दोन पाट्या. उन्हाळ्यात घर गार राहायचं. ज्याचं माळवद गळत नाही तो घरधनी दक्ष, असं आजी सांगायची. जुनी माती काढायचं मात्र कुणाच्या मनात येत नसे. पिढ्या सरल्या, थरावर थर चढत गेले.

ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीकडे धक्के बसले, तेव्हा लोक अंगणात, शेतात निजले. नकाशावर हा मुलूख भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं भीती ओसरली आणि माणसं घरात परतली. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून दमून निजलेल्या गावांवर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काळ आला. सुमारे दहा हजार माणसं गेली.

त्यात आजोबांच्या धाकट्या भावाची बायको आणि मुलगा होता. भाऊ त्या जूनमध्ये परगावी, म्हणून त्याच्या माळवदावर माती आजोबांनीच टाकली होती. ही गोष्ट त्यांनी कितीतरी दिवस कुणाला सांगितली नाही. नशिबाचे भोग, असं म्हणून लोक समजूत घालायचे. ते त्यांना सोसत नसे. मला वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. नशिबावर ढकललं की पुढची भिंत पुन्हा तशीच उभी राहते.

पुनर्वसनाच्या काळात गावोगाव इंजिनिअर आले. त्यांनी पडकी भिंत दाखवून उलगडून सांगितलं. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मधे चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठंच नव्हता. हादऱ्यासरशी भिंत उभी फाटली आणि वरचा सगळा भार खाली आला. आजोबा ऐकत होते. घरी आल्यावर जेवले नाहीत. वर्षानुवर्षं मायेनं चढवलेली माती हाच तो भार, हे कळल्यावर रुखरुख कमी कशी होणार?

चार-सहा दिवसांनी ते भावाकडं गेले आणि सगळं बोलले. भाऊ म्हणाला, "आण्णा, माती टाका म्हणून मीच निरोप धाडला होता की." दोघंही एकच काटा उरात घेऊन वावरत होते. आजोबा एवढंच म्हणाले, "तवा ठाव नव्हतं. आता हाय."

मग दोघं मिळून शेजारच्या, उभ्या राहिलेल्या घरांच्या माळवदांवर चढू लागले. खोऱ्यानं जुनी माती खाली ओढायची, फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, वर पातळ थर द्यायचा. म्हाताऱ्या बायका भांडायला येत, घर गळेल म्हणत. आजोबा खाली उतरून त्यांना भिंतीपाशी नेत, जुनी फट दाखवत, लांब दगड कुठं बसवायचा ते बोटानं सांगत. थर चार बोटं ठेवायचा की वीतभर, यावरून दोघा भावांचं मात्र दर घरावर नव्यानं वाजायचं.