बंगालमधील श्रुतिनाटक : थेट ध्वनिनाट्याचे पुनरुज्जीवन

प्रस्तावना

रेडिओवरील नाटकाला मराठीत आपण ‘नभोनाट्य’ किंवा ‘श्रुतिका’ म्हणतो. बंगालीत ‘बेतार नाटक’ आणि ‘श्रुतिनाटक’ असे दोन शब्द आहेत. बेतार नाटक रेडिओवरून ऐकू येते. श्रुतिनाटक बहुधा सभागृहात, प्रेक्षकांसमोर, हातात संहिता धरून सादर होते. रेडिओवर जन्मलेली कला रंगमंचावर कशी आली आणि आज तिला पुन्हा श्रोते का मिळत आहेत, हे या पाठात पाहू.

थेट प्रक्षेपणाचा काळ

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि महिनाभरात, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र. गार्स्टिन प्लेसमधील या केंद्रावर नाटके थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय नव्हती. पल्ला कळावा म्हणून नट मायक्रोफोनपासून दूर जात किंवा जवळ येत. पावसाचा, दाराचा, पावलांचा आवाज जागेवरच काढला जाई. वीरेंद्रकृष्ण भद्र हे या काळातील प्रमुख नाव. वाणीकुमार यांची संहिता, पंकज मल्लिक यांचे संगीत आणि भद्र यांचे पठण असलेला ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० च्या दशकापासून महालयाच्या पहाटे प्रसारित होऊ लागला. अनेक वर्षे कलावंत रात्रीच केंद्रावर जमून तो थेट सादर करीत. पुढे ध्वनिमुद्रण वापरले जाऊ लागले.

१९७६ साली भद्र यांच्याऐवजी चित्रपट अभिनेते उत्तमकुमार यांचा आवाज असलेला नवा कार्यक्रम लावण्यात आला. श्रोते संतापले आणि आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत आणावा लागला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही घटना नीट लक्षात ठेवावी. चेहरा सर्वांच्या ओळखीचा असूनही लोकांनी आवाज निवडला. ऐकण्याची सवय घराघरांत किती खोल रुजली होती, हे यावरून दिसते.

रेडिओकडून रंगमंचाकडे

९ ऑगस्ट १९७५ रोजी कलकत्त्यात दूरदर्शन सुरू झाले. संध्याकाळचा वेळ हळूहळू पडद्याकडे गेला. पण श्रुतिनाटकाने याच सुमारास सभागृहात जम बसवला. जगन्नाथ बसू आणि ऊर्मिमाला बसू या जोडीने हा प्रकार घरोघरी ओळखीचा केला. पार्थ घोष आणि गौरी घोष यांनी सादर केलेला रवींद्रनाथांचा ‘कर्ण-कुंती संवाद’ही असाच लोकप्रिय झाला. मुळात तो दोन पात्रांचा काव्यसंवाद असल्याने केवळ दोन आवाजांत उभा राहू शकतो. बंगालमध्ये ‘आवृत्ती’, म्हणजे कवितेचे जाहीर पठण, ही आधीच प्रतिष्ठित कला होती. त्यामुळे वाचिक अभिनय ऐकायला तिकीट काढून जाणे लोकांना परके वाटले नाही.

हा प्रकार पसरण्यामागे साधे व्यावहारिक कारणही आहे. नेपथ्य, वेशभूषा, पाठांतर आणि लांबलचक तालमी यांचा खर्च व वेळ वाचतो. दोन मायक्रोफोन आणि थोडे पार्श्वसंगीत पुरते. नोकरी करणारे, वयस्कर किंवा रंगमंचावर वावरणे कठीण असलेले हौशी कलावंतही त्यात भाग घेऊ शकतात.

नवे श्रोते

२००९ मध्ये कोलकात्याच्या एका खासगी एफएम वाहिनीवर ‘संडे सस्पेन्स’ सुरू झाले. सत्यजित राय यांच्या कथा आणि शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश तरुणांच्या कानांवर नव्याने पडला. इंटरनेटमुळे हे कार्यक्रम बंगालबाहेरच्या बंगाली भाषकांपर्यंत पोहोचले. मात्र ही मुद्रित आणि संपादित निर्मिती आहे, हा भेद तुम्ही विसरू नका. सभागृहातील श्रुतिनाटकात नट अडखळला तर ते सर्वांना कळते. शांतता पसरली तर ती सर्वांची असते. गार्स्टिन प्लेसच्या काळातील ती जोखीम आज रंगमंचावर टिकून आहे.

समारोप

‘पुनरुज्जीवन’ हा शब्द म्हणून जपून वापरावा. ही कला मेली नव्हती. तिने जागा बदलली. खरी हानी दुसरीकडे झाली. थेट प्रक्षेपणातील बहुतेक नाटके मुद्रित झालीच नाहीत. हवेत विरलेले ते आवाज आता फक्त संहिता, जाहिराती आणि श्रोत्यांच्या आठवणींतून शोधावे लागतात. त्या पिढीतील श्रोते आज थोडेच उरले आहेत. तुमच्या घरात असे कोणी असतील, मग ते कोणत्याही भाषेतील नभोनाट्याचे श्रोते असोत, तर त्यांच्या आठवणी आताच नोंदवून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला तेच साधन लागेल.

स्वाध्याय

१. बेतार नाटक आणि श्रुतिनाटक यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. १९७६ च्या घटनेवरून श्रोत्यांविषयी कोणता निष्कर्ष काढता येतो?
३. ध्वनिमुद्रणामुळे ध्वनिनाट्याने काय कमावले आणि काय गमावले?