आयर्लंडची काठी : आधार आणि आघात

आयर्लंड म्हटले की आम्हां कॅथलिकांना संत पॅट्रिक आठवतात. त्याच भूमीची दुसरी खूण म्हणजे टोकाला गाठ असलेली काळी काठी, ‘शिलेली’. विक्लो परगण्यातील याच नावाच्या, ओकच्या अरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाशी तिचे नाव जोडले जाते.

ही काठी ओकची किंवा ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाची असे. मुळाजवळची गाठ राखून ती तोडीत आणि लोणी वा चरबी चोळून धुराड्यात महिनोन्‌महिने ठेवीत. धुराने ती काळी व चिवट होई. काही जण गाठ पोखरून तीत शिसेही ओतीत.

शेतकऱ्याच्या काठीत शिसे का यावे? १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शस्त्र बाळगण्यास आणि पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा ठेवण्यास मनाई केली. तलवार गेली, काठी तेवढी हाती उरली. परंतु ती जुलमी सत्तेपेक्षा शेजाऱ्याच्याच डोक्यावर अधिक वेळा पडली, हे या इतिहासातले दुःख होय. १८०६ ते १८११ या काळात टिपरेरी व आसपासच्या भागांत ‘कॅराव्हॅट’ आणि ‘शॅनाव्हेस्ट’ हे गट झुंजले. पहिल्यात बहुतांशी गरीब मजूर, दुसऱ्यात सुस्थितीतले शेतकरी, दोघेही कॅथलिकच! जत्रा आणि आश्रयदात्या संतांचे सण ही अशा गटांची रणभूमी बनली. धर्मगुरूंनी निषेध केला. काही ठिकाणी महागुरूंनी हे उत्सवच बंद केले.

१८२८ साली डॅनियल ओकॉनेल यांच्या कॅथलिक संघटनेने टिपरेरीतील गटांत समेट घडविला. हाती काठी असूनही न उगारणाऱ्या या समाजाच्या एकजुटीपुढे सरकार नमले आणि १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेचे दार उघडले. तथापि जुनी वैरे सर्वत्र विझली नव्हती. २४ जून १८३४ रोजी, संत योहान बाप्तिस्ताच्या सणादिवशी, केरी परगण्यात बॅलीबनियनजवळच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यतीप्रसंगी दोन गट भिडले. पळणारे नदीत बुडाले, काहींना पाण्यातच झोडपले गेले. सुमारे २० जीव गेले. पुढे १८४५ नंतरच्या दुष्काळाने गावेच ओस पाडली आणि या मारामाऱ्याही ओसरत गेल्या.

मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना वाटेसाठी भाकर वा पैसा घेऊ देत नाही. काठी मात्र घेऊ देतो. ती चालण्यासाठी असते. आपल्या धर्मग्रामांतील सणांच्या दिवशीही एवढे स्मरण राहिले, तर आयर्लंडच्या त्या अश्रूंपासून आपण काही शिकलो, असे आम्ही मानू.