रक्त: नळीत वाहतं, अंगात गोठतं

रक्त परक्या नळीत शिरलं की गोठू लागतं. हा त्याचा दोष नव्हे, स्वभावच. जखम बंद होते ती त्यामुळेच. डायलिसिसला मात्र हा स्वभाव आड येतो.

१९१३ मध्ये बाल्टिमोरला जॉन एबल आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांचं रक्त कृत्रिम मूत्रपिंडातून फिरवलं, ते जळवांपासून काढलेल्या हिरुडिनच्या आधारावर. (जळू आपल्या सुश्रुतालाही ठाऊक होती, पण तो वेगळा विषय!) १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास यांनी माणसावर पहिलं डायलिसिस केलं, तेही हिरुडिनवरच. पुढे हेपारिन आलं आणि टिकलं.

आता अडचण बघा. हेपारिन नळीपुरतं राहत नाही, अंगभर पसरतं. मग ज्याच्या पोटातला व्रण वाहतोय, त्याचं काय? डायलिसिस टाळावं तर विष साचतं, करावं तर रक्त जातं.

मग परतणाऱ्या रक्तात प्रोटामिन घालून हेपारिन उतरवून पाहिलं. पण प्रोटामिनचा असर आधी ओसरे, आणि काही तासांनी पुन्हा रक्तस्राव. १९६१ पासून सायट्रेटची वाट दिसली. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमविना गुठळी होत नाही. रक्त अंगात परतताना कॅल्शियम परत द्यायचं. एकाच रक्ताला दोन ठिकाणी दोन नियम! आम्हाला ही युक्ती फार आवडते. मात्र कॅल्शियमचा हिशेब चुकला तर हृदयाची लय बिघडते, म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी लागते.

ती सोय नसेल तिथे औषधाविनाच डायलिसिस करतात. ठरावीक वेळाने सलाइननं नळी धुवायची, आणि रक्त काळवंडतंय का, हे बघत सिस्टरनं यंत्रापाशी उभं राहायचं.